ही काच बरी की ती?

३ मार्च

आज दुकानात सरकारी लिफाफा आला. असा लिफाफा दिसला की आधी मी तो उजेडात धरून बघतो, मग उघडतो. आत नोटीस नव्हती, निमंत्रण होतं. आरोग्यसेवेत काय सुधारणा करावी यावर सरकारला मत देण्यासाठी प्रत्येक गावात तेरा साध्या नागरिकांची समिती बसणार आहे. नावं चिठ्ठ्या टाकून काढली. त्यात माझं निघालं. जन्मात लॉटरी लागली नाही, लागली ती ही.

प्रस्ताव दोन आहेत. पहिला असा, की माणूस औषधपाण्यावर आणि डॉक्टरवर जो खर्च करेल तो त्याच्या उत्पन्नातून वजा धरायचा, म्हणजे त्याला कर कमी पडेल. दुसरा असा, की ही सवलत द्यायचीच नाही. तेच पैसे वॉर्डावॉर्डातल्या दवाखान्यांत घालायचे आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा फुकट तपासणी करायची. दोन्ही करण्याइतके पैसे नाहीत. एकच निवडायचा.

सोबत एक फॉर्म होता. त्यात ‘गेल्या वर्षातला कुटुंबाचा वैद्यकीय खर्च’ असा रकाना. मी झोकात शून्य लिहिलं. ही माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, “अहो, मागे माझ्या कंबरेला मलम आणलं होतं की.” मी म्हटलं, मलम म्हणजे खर्च नव्हे. आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही, हे लिहायला मिळालं तर लिहावं.

समितीने एक वहीही पाठवली आहे. दर बैठकीनंतर तिच्यात आपलं मत लिहायचं आणि शेवटी ती जमा करायची. जमा करायच्या वहीत माणूस खरं लिहीत नाही. म्हणून ही दुसरी.

१० मार्च

पहिली बैठक. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथे. खाली देवघेवीच्या टेबलावर माझी बायको बसते, त्यामुळे बैठकीला जाताना तिच्यासमोरूनच जिना चढावा लागतो. आज मी मुद्दाम जोरात पावलं वाजवली. तिने वर बघितलं नाही.

अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी एक रीत घालून दिली. बैठक सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपली खुर्ची उचलून आपल्या मताच्या बाजूला न्यायची. डावीकडे करसवलत, उजवीकडे दवाखाने, आणि ज्याचं ठरलेलं नाही त्याने मध्ये. आज चार डावीकडे, चार उजवीकडे, आम्ही पाच मध्ये. मधल्या खुर्च्या बरोबर पंख्याखाली येतात. कागद उडतात, एवढंच.

मला वाटलं होतं, ज्यांनी दवाखाना पाहिलाय ते उजवीकडे बसतील. झालं उलटंच. एक बाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणतात. त्या तडक डावीकडे जाऊन बसल्या. म्हणाल्या, “मी आतून पाहिलंय म्हणून सांगते. पैसे दवाखान्यात घालाल तर भिंतींना रंग लागेल. त्यापेक्षा माणसाच्या हातात द्या, त्याला हवं तिथे तो जाईल.” आणि बसचा ड्रायव्हर, ज्याला मी डावीकडचा समजत होतो, तो उजवीकडे. तो म्हणाला, “बाई, सवलत कोणाला? ज्याने खर्च केला त्याला. खर्च कोण करणार? ज्याच्याकडे आहे तो. माझ्या कंडक्टरला कर लागतच नाही, त्याला कशातून वजा करून देता?”

मला दोघांचंही पटलं. हा माझ्या धंद्याचा दोष आहे. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत असतो, “ही बरी की ती?” मला स्वतःला कोणी विचारत नाही.

उठताना मेट्रनबाई माझा फॉर्म चाळत म्हणाल्या, “शून्य? म्हणजे आजार नाही, की तपासणी नाही?”

मी म्हटलं, दोन्ही नाही. त्या नुसत्या हसल्या. तीस वर्षं नोकरी केली की माणसं उगाच संशयी होतात.

संध्याकाळी हिला नवीन चष्मा करून दिला. बसच्या पाट्या दिसत नाहीत म्हणत होती. लांबचा नंबर दीड निघाला. आधी एक होता.

१९ मार्च

मेहुणा जेवायला आला होता. तो लोकांची कराची कागदपत्रं भरून देतो, त्यामुळे समितीचं ऐकून त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झालाय.

“दाजी, डोळे मिटून पहिल्याला मत द्या,” तो म्हणाला. “तुमच्यासारख्या दुकानदाराला सरकार कधी काही देतं का? हे देतंय तर घ्या.”

“पण आमचा खर्च शून्य आहे.”

“आज आहे. माणसाचं शरीर आहे दाजी, कधीतरी बिल फाडणारच.”

“तुझ्या तोंडात साखर पडो,” ही आतून म्हणाली. मग आम्ही बराच वेळ हसलो.

त्याचं म्हणणं बरोबर वाटतं. तो जाईपर्यंत तर नक्कीच वाटत होतं.

२ एप्रिल

दुसरी बैठक. खुर्ची मध्येच ठेवली. मध्ये आता तिघेच.

ड्रायव्हर आल्या आल्या सगळ्यांसमोर म्हणाला, “चष्मेवाले, काल तुमच्या घरच्या माझ्या गाडीत चढल्या. जायचं होतं तुमच्या घरी, निघाल्या होत्या नदीपलीकडे! चष्मेवाल्याची बायको आणि पाटी दिसत नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.”

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले. मी नंबर काढून अजून महिना झाला नाही.

बैठकीत काय ठरलं ते समितीच्या वहीत लिहिलंय. इथे खरं लिहायचं तर माझं लक्षच नव्हतं.

११ एप्रिल

दुकान बंद केल्यावर हिला पुन्हा खुर्चीत बसवलं. नंबर सव्वादोन.

एका महिन्यात दीडाचे सव्वादोन होत नाहीत. लहान मुलाचेसुद्धा होत नाहीत. म्हणजे मार्चमध्ये माझं चुकलं. मी काही शिकलेला डॉक्टर नाही. वडिलांच्या हाताखाली तयार झालो. ते म्हणायचे, “गिऱ्हाईक चुकत नाही. नंबर जुळला नाही तर आधी यंत्र तपास, मग स्वतःला तपास.” नंबर काढायचं हे यंत्र नऊ वर्षं जुनं आहे. मेकॅनिकला बोलावलंय.

हिला गंमत वाटतेय. म्हणाली, “चला, फुकटात नवा चष्मा.” हल्ली वाचनालयात जाताना दोन बाटल्या पाणी नेते. मी म्हटलं, विहीरच ने.

संडासात मुंग्या फार झाल्यात. पावडर टाकली.

२१ एप्रिल

मेकॅनिक येऊन गेला. यंत्र उत्तम आहे म्हणतो. पैसे घेऊन यंत्र उत्तम आहे असं सांगणारा मेकॅनिक पहिल्यांदाच पाहिला.

आता वडिलांच्या नियमाचा दुसरा भाग. मी स्वतःला तपासलं. तक्त्याची शेवटची ओळ मला वाचता येते. पण ती मला पाठच आहे, त्यामुळे काय कळणार?

शेजारीण हिला विचारत होती, किती छान बारीक झालात, काय करता? मलाही बरं वाटलं. बोटातली अंगठी निसटते म्हणून हिने तिला दोरा गुंडाळलाय.

६ मे

आज मी एकटाच मध्ये. डावीकडे सहा, उजवीकडे सहा, आणि पंख्याखाली मी. अध्यक्षबाई म्हणाल्या, “चष्मेवाले, आता सगळं तुमच्यावर आलं.” शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखं झालं.

दोन्ही बाजूंचे लोक चहाच्या वेळी माझ्याशी फार प्रेमाने वागतात. बिस्किटं पुढे करतात. मेट्रनबाईंनी मला आकडेच दिले: त्यांच्या दवाखान्यात किती यंत्रं आली आणि त्यातली किती कधी चाललीच नाहीत. साखर तपासायचं यंत्र दोन वर्षं कपाटात पडून होतं, कारण त्याच्या पट्ट्या मागवायचा अधिकार कोणाला आहे यावर पत्रव्यवहार चालू होता. मी डावीकडे झुकलो. मग ड्रायव्हर म्हणाला, “मग काय, पट्ट्या मागवा की! यंत्राला पट्ट्या नाहीत म्हणून दवाखानाच नको? उद्या गाडीत डिझेल नाही म्हणून तुम्ही रस्ता उखडणार?” मी उजवीकडे झुकलो.

खुर्ची मात्र हलवली नाही. आत्ता कळतं की मधली खुर्ची सोपी नसते. तिथे माणसाला दोन्हीकडून वारा लागतो.

हिच्या टाचेला नवीन चपलेने फोड आला होता, त्याची पट्टी अजून निघालेली नाही. चप्पल परत करायला हवी. ही म्हणते, महिन्याने कोण परत घेतो?

८ मे

नंबर तीन.

मी गेल्या दोन महिन्यांतल्या वीस गिऱ्हाइकांना फोन करून बोलावलं होतं. फुकट तपासणी म्हटल्यावर सतरा आले. सतराच्या सतरा नंबर बरोबर. म्हणजे यंत्र बरोबर, मी बरोबर. चुकतो तो फक्त हिचाच.

मग मी जे केलं ते लिहायला नको वाटतं, पण ही वही त्यासाठीच आहे. मी हिला म्हटलं, तू नीट बघून सांगत नाहीस. मनापासून बघ. ही बरी की ती? ती म्हणाली, “दोन्ही सारख्याच.” मी काच बदलली. आता? “अहो, सारख्याच दिसतात.” मी आवाज चढवला. म्हटलं, शाळेतली पोरंसुद्धा सांगतात, तुला एवढं सांगता येत नाही?

ती चाचणीची फ्रेम घालूनच बसून राहिली. त्या जड गोल फ्रेमच्या खालून पाणी आलं. म्हणाली, “मला थकवा आलाय हो. घरी जाऊ या.”

घरी आल्यावर ती तांब्याभर पाणी एका दमात प्यायली आणि न जेवता झोपली. माझ्यावर रागावली आहे, आणि बरोबरच आहे.

१२ मे

ही अजून नीट बोलत नाही. सकाळी मीच विचारलं, समितीत तुझं मत काय पडलं असतं? जरा खूश करावं म्हणून विचारलं.

“दोन महिने झाले, आज विचारताय?”

“सांग ना.”

“फुकट तपासणी असती तर गेले असते कदाचित,” ती म्हणाली. “पैसे देऊन कोण जातं काही होत नसताना? आणि होत असलं तर घाबरून जात नाही.”

मी म्हटलं, तुला काय होतंय? ती म्हणाली, काही नाही. मग काय प्रश्न आहे, ते मला कळलं नाही.

२० मे

क्रमाने लिहितो.

आज मतदान व्हायचं होतं. मी जवळचा चष्मा खाली हिच्या टेबलावर विसरलो, तो द्यायला ही वर आली. चहा चालू होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती अडखळली. मेट्रनबाईंनी तिला धरलं आणि त्यांची नजर तिच्या टाचेवरच्या पट्टीवर गेली.

“हे किती दिवसांचं?”

“झाला की दीड महिना. चप्पल लागली.”

“पाणी फार पिता का?”

मी म्हटलं, विहीर घेऊन जाते म्हणा. कोणी हसलं नाही.

“वजन?”

“नंबरसुद्धा तीन वेळा बदललाय,” मी म्हटलं. आपण मदत करतोय असं मला वाटत होतं. “पण ते यंत्राचं असणार.”

मेट्रनबाई माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिल्या की मी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी पर्समधून एक छोटी पेटी काढली. त्यांना स्वतःला साखरेचा त्रास आहे, त्यामुळे यंत्र जवळच असतं. हिच्या बोटाला टोचलं. हिने टोचताना माझा हात धरला, एवढं आठवतं.

आकडा आला तीनशे चौऱ्याऐंशी.

मी विचारलं, “हे यंत्र तपासून घेतलंय का?”

खरंच विचारलं. मेट्रनबाईंनी स्वतःचं बोट टोचलं: एकशे बेचाळीस. मग ड्रायव्हरने न सांगता बोट पुढे केलं: अठ्ठ्याण्णव. “यंत्र ठीक आहे, चष्मेवाले,” त्या म्हणाल्या, अगदी हळू. “नंबर असा भराभर बदलायला लागला की आम्ही आधी साखर बघतो. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

मला वडिलांनी सांगितलं होतं, आधी यंत्र तपास, मग स्वतःला. तिसरं काही असतं, असं नव्हतं सांगितलं.

ड्रायव्हरने बाहेरची रिक्षा थांबवली. मतदान एक आठवडा पुढे.

२३ मे

ही इस्पितळात आहे. डॉक्टर म्हणाले, साखर वाढून आठ-दहा महिने तरी झाले असावेत. टाच वाचेल, आणखी महिन्याने आला असतात तर सांगता आलं नसतं. आणि मला म्हणाले, साखर ताळ्यावर येईपर्यंत दोन महिने हिचा नंबर काढू नका, काढाल तो खोटाच निघेल. मी मान हलवली. बाहेर येऊन मी तीन चष्मे बनवले हे कोणाला सांगितलं नाही.

संडासातल्या मुंग्यांचं मात्र आठवलं. तेही सांगितलं नाही.

मेहुणा बिलं एका फाइलमध्ये तारखेनुसार लावतोय. ताईसाठी रडून झालं की तो असं काहीतरी करतो. म्हणाला, “दाजी, आता तरी कळलं ना? हा सगळा खर्च सवलतीत बसतो. गोळ्या जन्मभराच्या आहेत. पहिल्याला मत दिलं तर दर वर्षी तुमचा फायदा.”

हे खरं आहे. मार्चमध्ये जो प्रस्ताव माझ्या काही कामाचा नव्हता, तो आज माझ्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. आणि जो माझ्या कामाचा होता, त्याची वेळ निघून गेली. मी फाइलकडे बघत बसलो. ही झोपेतच म्हणाली, “पंखा कमी करा.”

२७ मे

मतदान झालं.

जाताना खालचं देवघेवीचं टेबल रिकामं होतं. वर गेलो, खुर्ची उचलली आणि हॉलच्या मध्ये ती हातात धरूनच उभा राहिलो. अध्यक्षबाई म्हणाल्या, “सावकाश.”

मी आधी मेट्रनबाईंना विचारलं, तुमचं मत बदललं का? त्या म्हणाल्या, “नाही. ते यंत्र माझ्या पर्समध्ये होतं, दवाखान्याच्या कपाटात नव्हतं. हे विसरू नका.” त्यांनी माझ्या बायकोचा पाय वाचवला आणि त्या डावीकडेच बसल्या होत्या. ड्रायव्हर उजवीकडे खाली बघत बसला होता. आज त्याने एकही विनोद केला नाही.

मी खुर्ची उजवीकडे ठेवली. सात विरुद्ध सहा.

कारण द्यावं लागतं. मी म्हटलं, मला नक्की कळलेलं नाही. आमच्या फॉर्मवर शून्य होतं आणि मी ते अभिमानाने लिहिलं होतं. शून्यातून काहीच वजा होत नाही. पण मेट्रनबाईंचंही खोटं नाही, म्हणून माझ्या मताला एक अट जोडा: यंत्र चालू आहे की नाही हे दर महिन्याला बाहेरच्या कोणीतरी येऊन बघायचं, आणि पट्ट्या मागवायचा अधिकार जी बोट टोचते तिलाच द्यायचा.

“हे लिहून घ्या,” मेट्रनबाई म्हणाल्या. अट तेरा विरुद्ध शून्य मंजूर झाली. पूर्ण तीन महिन्यांत सगळ्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

मेहुणा फोनवर म्हणाला, “दाजी, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात.” असेलही. परतताना मला पुन्हा वाटलं की तोच बरोबर होता. मग इस्पितळात पोचलो. ही उशाला टेकून बसली होती. विचारलं, “कुठे ठेवलीत खुर्ची?” सांगितलं. ती म्हणाली, “बरं,” आणि पाय जरा सरकवून मला बसायला जागा केली.

२२ जुलै

सरकारचं पत्र आलं. आपल्या शिफारशी प्राप्त झाल्या, विचाराधीन आहेत. खाली सही नाही, शिक्का आहे.

दोन महिने पूर्ण झाले म्हणून दुकान बंद केल्यावर हिला खुर्चीत बसवलं. मी चाचणीची फ्रेम काढली तर म्हणाली, “थांबा.” पर्समधून मार्चमधला चष्मा काढला, दीडवाला. मी तो केव्हाच मोडीत काढायला सांगितला होता. घातला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग दुकानाच्या काचेतून रस्त्यापलीकडच्या थांब्यावरची पाटी वाचली, बसचा नंबर आणि कुठे जाते तेही.

तरी मी सवयीने काच पुढे धरली. ही बरी की ती?

“ही,” ती लगेच म्हणाली. “ती बिलकूल नाही. आता कळतं मला.”

म्हणजे मार्चमध्ये नंबर बरोबर होता. एप्रिलमध्येही, मेमध्येही. माझं यंत्र एकदाही चुकलं नव्हतं; साखरेपायी हिचा डोळाच बदलत होता.

चष्मा पुसता पुसता ही म्हणाली, “तुमच्या शून्याचं काय?”

“माझं कसलं?”

“फॉर्मवर दोघांचं मिळून शून्य होतं. माझं झालं. तुमचं राहिलं.”

मी म्हटलं, मला काय होतंय? बोलल्यावर ऐकू आलं काय बोललो ते. ही तशीच बघत होती, स्वच्छ, दीडच्या चष्म्यातून.

उद्या सकाळी उपाशीपोटी मेट्रनबाईंकडे जायचं आहे. ही सोबत येणार आहे. मला एकट्याला सोडलं तर मी अर्ध्या वाटेवरून परत येईन म्हणते. तसा मी घाबरलेलो वगैरे नाही. फक्त बाईंचं ते यंत्र बरंच जुनं दिसत होतं. एकदा तपासून घेतलेलं बरं.